दहावा कप

१

दुकान साडेपाचला उघडायचं आणि समोरच्या स्टेशनातून गाडी सहा चाळीसला सुटायची. जे काय व्हायचं ते या सत्तर मिनिटांत होऊन जायचं. सातनंतर दुकानात माशीसुद्धा विचार करून शिरायची.

दुकान म्हणजे तरी काय, दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी बोळकांडी. बसायला एक खुर्ची नाही. मधून लांब लाकडी काउंटर. अलीकडे गिऱ्हाइकं उभी, पलीकडे कॉफी करणारी, आणि तिच्याही पलीकडे भिंतीला टेकलेलं जुनं, हत्तीएवढं एस्प्रेसोचं मशीन. म्हणजे कॉफी करताना पाठ कायम गिऱ्हाइकांकडे. पण त्याने काही अडत नसे, कारण मशीनचा दर्शनी पत्रा मावशी रोज दुपारी लिंबू लावून घासायची आणि मागे कोण आलंय ते त्या पत्र्यात दिसायचं. चेहरे नाही दिसायचे, पत्रा मधे फुगीर होता. नुसते रंगांचे डाग. पांढरा डाग म्हणजे सकाळपाळीची नर्स. काळा, उभा, सडपातळ डाग म्हणजे बारा महिने छत्री घेऊन हिंडणारे काका. करडा डाग दिसण्याआधी ऐकू यायचा. तो पुढच्या मोठ्या स्टेशनातल्या तिकीट खिडकीवरचा कारकून. त्याला सगळे शिटी म्हणायचे, कारण तो शीळ घालत यायचा आणि शीळ घालत जायचा. आणि पिवळा डाग दारातून आत आला की सहा एकतीस झाले, हे घड्याळ न बघता कळायचं. ती ताई.

सहा चाळीसची माणसं ठरलेली होती आणि त्यांची कॉफीही. कुणी तोंडाने मागत नसे. माणूस काउंटरला टेकेपर्यंत त्याचा कप त्याच्या जागेवर असायचा. "रोजच्या माणसाला तोंड उघडावं लागलं तर ते दुकान कसलं?" असं मावशी म्हणायची.

मावशीने तीस-बत्तीस वर्षं हे एकटीने केलं. मग गेल्या हिवाळ्यात तिचं उजवं मनगट गेलं. पूड दाबून भरलेला दांडा मशीनला लावून आवळायचा म्हणजे मनगटात जोर लागतो, तो येईना. डॉक्टरला काही सापडलं नाही. तरी मावशीने मनगटाला पट्टा बांधला आणि धाकटीला बोलावून घेतलं.

धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण, मावशीची भाची. संख्याशास्त्राची पदवी घेऊन आठ महिने घरी बसलेली. येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक त्याबद्दल जे बोलायचा ते ऐकून ऐकून तिच्या कानांना घट्टे पडले होते. दोन आठवडे ती मावशीच्या शेजारी उभी राहून बघत होती. दांडा कसा झटकायचा, पूड किती दाबायची, दुधाची वाफ कानाने कशी ओळखायची. तोवर मावशी पट्टा बांधलेल्या हाताने कसंबसं निभावत होती. तिसऱ्या सोमवारी तिने गळ्यातला एप्रन काढून धाकटीच्या गळ्यात घातला.

"हात सांगेल तेवढे कप कर," मावशी म्हणाली. "मोजू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

'म्हटलं ना' हे मोठ्यांचं उत्तर संपल्याचं लक्षण. धाकटीला ते लहानपणापासून पाठ होतं, आणि लहानपणापासून ते ऐकलं की तिच्या डोक्यात एक जाळ उठायचा.

२

तिघी दुकानाच्या वरच राहत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि खालच्या मशीनची घरघर जमिनीतून पायाला लागायची. ताई पुलांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत होती. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीने घट्टा पडला होता आणि तो ती अंगठीसारखा मिरवायची.

आई-बाबा दुसऱ्या गावी. दर रविवारी आईचा फोन यायचा आणि मावशी उभी राहून तो घ्यायची. "बऱ्या आहात ना? जेवणखाण झालं? तब्येतीला जपा हं." सख्ख्या धाकट्या बहिणीला अहो-जाहो! बाबा तर हसून म्हणायचे, "तुझी मावशी तुझ्या आईशी बोलते तसं मी बँकेच्या मॅनेजरशीसुद्धा बोलत नाही." मावशी यावर हूं की चूं करत नसे. एकदाच, कधीतरी, जुने फोटो आवरताना ती बोलून गेली होती की तुझी आई डावखुरी होती, एकोणिसाव्या वर्षापर्यंत. "मग?" "मग नव्हती." आजोबांनी पट्टी मारून सोडवलं असणार, असं धाकटीने धरून टाकलं. मोठ्यांच्या प्रत्येक गोष्टीच्या तळाशी कुठेतरी पट्टी असतेच, असं तिचं ठाम मत होतं.

ताईचं मात्र वेगळं होतं. ताई विचारलं की सांगायची. सायकल कशी चालते, मुलगे असे का वागतात, बाबा का चिडलेत, सगळं. सांगता आलं नाही तर म्हणायची, "मलाही माहीत नाही गं, चल शोधू." जगात एका माणसाने आपल्याला खरं उत्तर द्यावं एवढंच धाकटीला हवं होतं, आणि तो माणूस पलीकडच्या खाटेवर घोरत झोपायचा.

रोज सहा एकतीसला ताई काउंटरवर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवायची. टक, टक. "काय बाई, वेळ लागेल का?"

"लागेल. रांगेत उभी राहा."

रांग नसायचीच. ताईचा कप तिथेच असायचा. मोठा, दूध जास्त, कोमट, दोन चमचे साखर तळाला, न ढवळलेली. कडेचा टवका उडालेला कप. तो टवका ताईनेच उडवला होता म्हणून तोच कप तिला लागायचा. कॉफी संपली की तळाची ओली साखर ती चमच्याने खरवडून खायची आणि चमचा कपात उभा करून ठेवायची, झेंड्यासारखा.

"लहान आहेस का?" धाकटी विचारायची.

"तुझ्यापेक्षा हो," ताई म्हणायची आणि गाडीकडे पळायची.

३

चौथ्या आठवड्यात धाकटीने यादी केली. काही संशय होता म्हणून नव्हे. शिकलेलं माणूस आहोत, दुकान हाताच्या सवयीवर चालवतो हे बरं दिसत नाही, एवढंच. हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानावर उभ्या रेघा मारल्या. कोण, किती वाजता, काय. सहा चाळीसचे नऊ जण झाले.

कप दहा होत होते.

आधी ती स्वतःवरच हसली. मग दुसऱ्या दिवशी यादी मशीनला चिकटवून तिने लक्ष ठेवलं. नर्स, छत्रीवाले काका, शिटी, पुढचे पाच, ताई. नऊ. आणि या सगळ्यांच्या मधे केव्हातरी तिच्या हाताने एक लहान, कडक, बिनसाखरेचा कप भरला होता आणि काउंटरच्या उजव्या टोकाला, भिंतीलगत ठेवला होता. बशीच्या डावीकडे पाण्याचा पेला. बाकी सगळ्यांचं पाणी उजवीकडे असायचं.

सहा चाळीसला गाडी गेली तेव्हा तो कप रिकामा होता. पेलाही.

यात भुताटकी काही नाही, तिने स्वतःला समजावलं. मावशीच्या शेजारी उभं राहून जे शिकलो त्यात तिची चूकही शिकलो. कुणी जुनं गिऱ्हाईक असेल, बदली होऊन गेलं असेल, मावशीच्या हाताची सवय राहिली असेल. आणि फुकट कॉफी दिसली तर कुणीही पिईल.

तिने विचारूनही पाहिलं. "त्या टोकाची कॉफी कोण पितं रोज?"

"कुठली?" नर्स म्हणाली.

शिटी म्हणाला, "बाईसाहेब, माझी एक प्यायल्यावरच माझं पोट बंड करतं. दुसरी प्यायलो तर मला तिकिटं संडासातून द्यावी लागतील."

सगळे हसले. कुणी लपवत होतं असं वाटलं नाही.

मग तिने गुरुवारी पत्र्यात पाहिलं. कप ठेवला, पाठ फिरवली, दूध तापवायला घेतलं आणि नजर पत्र्यावर ठेवली. डाग मोजले. पांढरा, काळा, करडा, दोन तपकिरी, निळा, हिरवा, मरून. आणि पिवळा. नऊ. आणि उजव्या टोकाला भिंतीपाशी आणखी एक, फिकट, धुतलेल्या कापडासारखा. ती गर्रकन वळली. तिथे भिंत होती आणि भिंतीवर खुंटी, खुंटीवर काही नव्हतं.

फुगीर पत्रा. एकाच माणसाची दोन प्रतिबिंबं पडू शकतात. शाळेतलं विज्ञान. दुधाने तेवढ्यात उतू जाऊन तिचा अंगठा भाजला, म्हणून तो विचार तिथेच राहिला.

४

"मावशी, दहावा कप कोणाचा?"

मावशी डाव्या हाताने शेंगा सोलत होती. तिचं बोट सालीत अडकलं तसंच राहिलं.

"मोजलेस?"

"अगं, नऊ माणसं आणि दहा कप! त्यासाठी पदवी लागत नाही."

"हात सांगेल तेवढे कर म्हटलं होतं."

"हाताला काय तोंड आहे सांगायला? तुला तरी आहे ना? तू सांग."

मावशी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. बाजारात भाजी निवडताना बघतात तसं, जोखून. मग ती पुन्हा शेंगांकडे वळली. "नको मोजूस," ती म्हणाली. "मी सांगितलं आहे. नंतर म्हणशील सांगितलं नाही."

त्या रात्री धाकटी ताईला म्हणाली, "उद्या मी नऊच करणार."

ताई अर्धवट झोपेत होती. "कर की. पण माझी असू दे त्या नवांत."

"तुझी असणारच."

"मग चालेल," ताई म्हणाली आणि कूस बदलली.

५

शुक्रवारी हाताला आवरणं वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं. सहा पंचवीसला तिचा हात आपसूक लहान कपाकडे गेला. तिने तो मागे घेतला. पुन्हा गेला. शेवटी तिने लहान कपांची चळत उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि यादीवर टिंब करत गेली. नर्स, टिंब. छत्री, टिंब. शिटी, टिंब. दांडा झटकताना, पूड दाबताना तिला एक कोरडं समाधान वाटत होतं. बत्तीस वर्षांचा खुळेपणा एका सकाळीत मोडून काढला.

काउंटरचं उजवं टोक मोकळं होतं. त्याच्या शेजारची जागा ताईची. सहा तीसला तिने तिथे टवक्याचा कप ठेवला, साखर तळाला, आणि पाठ फिरवली.

ताई त्या दिवशी एक मिनिट उशिरा आली. जिन्यात तिच्या पिशवीचा बंद तुटला होता.

पत्र्यात पिवळा डाग आला. टक, टक. "काय बाई, वेळ लागेल का?"

"समोरच आहे तुझी," धाकटी वळून न बघता म्हणाली.

"कुठे? हा तर रिकामा."

धाकटी वळली. टवक्याचा कप कोरडा होता. तळाची साखरसुद्धा नव्हती.

"ढापली कुणीतरी," ताई म्हणाली. तिला हसू येत होतं. "शिटी, तू?"

"दुधातली? मी? शपथ घालून विचारा."

"थांब, दुसरी करते. दोन मिनिटं."

"गाडी जाईल गं. राहू दे. उद्या... नाही, सोमवारी दोन पिईन."

"थांब म्हणते ना!" धाकटी मशीनकडे वळली, दांडा झटकला. मागे दाराची घंटा वाजली. पत्र्यात पांढरा डाग गेला, काळा गेला, करडा शीळ घालत गेला. पिवळा काउंटरपाशीच उभा होता. तिला बरं वाटलं. ऐकलं एकदाचं.

तिने कॉफी केली, कोमट दूध घातलं, साखर घातली, आणि कप घेऊन वळली.

काउंटरपाशी कुणी नव्हतं. दाराच्या काचेतून दिसलं की ताई रस्ता ओलांडतेय, तुटक्या बंदाची पिशवी छातीशी धरून. पिवळं जाकीट घाईघाईने स्टेशनात शिरलं.

धाकटीने पुन्हा पत्र्याकडे पाहिलं. पिवळा डाग होता. समोरच्या दिव्याचा असेल, ती मनात म्हणाली. समोरचा दिवा पांढरा होता.

६

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली आणि थांबली. मग दारावर हलकी थाप पडली. ताईकडे किल्ली होती.

"किल्ली विसरलीस?"

"असेल," ताई म्हणाली. ती उंबऱ्यात उभी राहून खोली बघत होती. नवीन भाडेकरू बघतात तशी नव्हे. खूप वर्षांनी आपल्या शाळेत गेल्यावर बाकं बघतात तशी. मग म्हणाली, "पाणी देतेस?"

तिने पेला डाव्या हातात घेतला, सगळं पाणी एका दमात प्यायलं आणि अंगठ्याने ओठ पुसले.

"हात दुखतोय का तुझा?"

"नाही. का?"

"काही नाही."

मावशी स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली होती. ती दारातच उभी राहिली. पळीतून काहीतरी तिच्या पायावर ठिबकत होतं, तिचं लक्ष नव्हतं. "आणखी हवं का पाणी?" तिने विचारलं. मावशीचा असा आवाज धाकटीने कधी ऐकला नव्हता.

शनिवार-रविवार ताई फारशी बोलली नाही. दमली असेल. तिने पिवळं जाकीट कपाटात टांगलं. "फार ओरडतो तो रंग," ती म्हणाली. विचारलं की उत्तर देत होती, बरोबर उत्तर देत होती, फक्त प्रत्येक उत्तराआधी अगदी थोडी थांबत होती. रात्री पलीकडच्या खाटेवरून घोरण्याचा आवाज आला नाही. धाकटीला झोप लागायला उशीर झाला, तो त्या शांततेने.

सोमवारी सहा एकतीसला दारातून एक राखाडी-हिरवा डाग आत आला. टक, टक झालं नाही. धाकटीच्या हाताने तोवर दहा कप केले होते. तिने हात आवरला नव्हता. आवरायची हिंमत उरली नव्हती असं म्हणणं जास्त खरं. तिने टवक्याचा कप ताईसमोर सरकवला.

"ही नको," ताई हळूच म्हणाली. तिने हात लांब करून उजव्या टोकाचा लहान कप स्वतःकडे ओढला. आधी डावीकडचं पाणी प्यायली, मग कॉफी, दोन घोटांत.

"ताई, तू बिनदुधाची कधीपासून?"

"कंटाळा येतो गं तेच तेच."

"बरोबर आहे," शिटी म्हणाला. "माणसाला बदल पाहिजे. मी पण आता नवीन गाणं बसवतोय." कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आणि वाटावं असं होतं तरी काय? एक बाई बिनदुधाची कॉफी प्यायला लागली. यादीत एवढंच लिहिता आलं असतं.

सगळे गेले. धाकटी फडकं घेऊन काउंटर पुसत उजव्या टोकाला आली.

टवक्याचा कप तिने तिथे सरकवून ठेवला होता. तो रिकामा होता. तळाची साखर खरवडून खाल्लेली होती. कपात चमचा उभा होता.

७

ती एप्रन न काढताच जिना चढली. स्वयंपाकघरात मावशी गाणं गुणगुणत होती. पाण्याने काठोकाठ भरलेलं मोठं पातेलं तिने एका हाताने शेगडीवरून उचलून ओट्यावर ठेवलं. उजव्या. मनगटाला पट्टा नव्हता.

"बरं झालं मनगट?" धाकटीने विचारलं.

मावशी हाताकडे बघत म्हणाली, "हो. शुक्रवारपासून बरं आहे."

"मावशी, ती कोण आहे?"

"तुझी ताई."

"मावशी!"

मावशीने हात पुसले. खुर्ची ओढून बसली. धाकटी उभीच राहिली.

"मीही मोजले होते," मावशी म्हणाली. "दुकान नवीन हातात आलं तेव्हा. तुझ्या आजोबांनीसुद्धा मला एवढंच सांगितलं होतं. मी एक सकाळ एक कप कमी केला." तिने पट्टा नसलेल्या मनगटावरून बोट फिरवलं. "तुझी आई तेव्हा सहा चाळीसने कॉलेजला जायची. लहान, कडक, बिनसाखरेची प्यायची. पाणी डाव्या हाताला."

खाली मशीन थंड होताना टिक-टिक करत होतं.

"आणि आई?" धाकटीने विचारलं. "फोनवर जी... आम्हाला जिने..."

"त्या चांगल्या आहेत," मावशी म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं? फार चांगल्या आहेत. तुम्हाला चांगलं वाढवलं त्यांनी. फक्त माझी बहीण नव्हत्या."

"मग मला नीट का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. मोजू नकोस म्हणून."

"असं सांगतात? एवढंसं? मला ओळखत नाहीस तू? मला कुणी नुसतं नको म्हटलं की मी काय करते, हे तुला माहीत नाही?"

मावशीने ओट्यावरचं पातेलं उगाच जरा सरळ केलं.

"माहीत आहे ना," ती म्हणाली.

८

याला आता पाच महिने झाले. दुकान साडेपाचला उघडतं, गाडी सहा चाळीसला सुटते.

संध्याकाळी मावशी आणि ताई खिडकीत बसतात. दोघींची डोकी जवळ, कुजबुज, मधेच फिस्सकन हसू. मावशी तिला "ए वेडे" म्हणते. ताई वाईट नाही. धाकटीला ताप आला तेव्हा ती रात्रभर उशाशी बसली, कपाळावरची पट्टी बदलत. आराखडे ती डाव्या हाताने काढते आणि कचेरीत म्हणे तिचं कौतुक होतं. त्या दिवशी जेवताना धाकटीने भांडं पुढे केलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वाढू का तुम्हाला?" ताईने मान हलवली. मावशीने खाली ताटात पाहिलं.

यादी केव्हाच फाडून झाली. धाकटी आता मोजत नाही, पण न मोजताही कळतं. मागे नऊ माणसं असतात आणि पत्र्यात उजव्या टोकाला पिवळा डाग असतो. वळलं की भिंत, खुंटी. कधीकधी वाफेचा आवाज थांबला की मागे लाकडावर टक, टक होतं. पुढचं वाक्य येत नाही. धाकटी तरी म्हणते, अगदी हळू, मशीनकडे बघत, "लागेल वेळ. रांगेत उभी राहा." कप मोठा, दूध जास्त, कोमट. साखर आता ती तीन चमचे घालते.

आज बुधवार. सहा बत्तीस. आठ माणसं आपापल्या जागी उभी आहेत. शिटी आलेला नाही.

त्याचा कप मात्र काउंटरवर ठेवून झालाय. वाफ निघतेय. धाकटी दांडा हातात घेऊन मशीनसमोर उभी आहे. एकच कप करायचा राहिलाय, टवक्याचा. तो आज राहिलाच तर कोण काय म्हणणार? शिटी एकटा राहतो. मागे म्हणाला होता की घरी वाट बघायला एक मांजर आहे आणि तेही शेजाऱ्यांचं. सोमवारी त्याने नर्सच्या मुलीला वाढदिवसाचं गाणं शीळ घालून ऐकवलं, सगळं, शेवटच्या सुरापर्यंत. त्याच्या कपातून मंद वाफ वर जातेय. पत्र्यात पिवळा डाग थोडा हललाय. उजव्या टोकाकडून शिटीच्या जागेकडे. अगदी थोडा, माणूस पायावरचा भार बदलतो तेवढा.

टक, टक.

धाकटी दांडा धरून उभी आहे. कुणीतरी मागून म्हणतं, "काय झालं गं, मशीन बिघडलं का?" तीस सेकंद होतात. आणखी दहा.

मग रस्त्यापलीकडून शीळ ऐकू येते. नवीन गाणं. अजून नीट बसलेलं नाही.

ती डोळे मिटते. पूड भरते, दाबते, दांडा मशीनला लावते आणि जोर लावून आवळते. तेव्हा तिच्या उजव्या मनगटात एक बारीक कळ येते.